पाचवी सवाष्ण

माझ्या सुनेला तिच्या कंपनीने मध्यंतरी लोणावळ्याला नेलं होतं, साहेब कसं व्हायचं ते शिकवायला. परत आली ती खुशीत. म्हणाली, "आई, चांगला साहेब कोण माहितीय? ज्याच्याशी माणसं मोकळेपणी बोलू शकतात तो." मी भाजी निवडत होते. म्हटलं, "असं होय?" आणि गप्प बसले. घरात उगाच वाद कशाला! पण डोकं दिवसभर तिथेच अडकलं. मी एक असा साहेब पाहिलाय की ज्याच्याशी कुणीही मोकळेपणी बोलावं, आणि त्याच्याइतकं वाटोळं करणारा माणूस जन्मात दुसरा पाहिला नाही.

साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही घाटकोपरला राहायचो आणि मी मुलुंडला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आग्रा रोडवर तेव्हा एकामागून एक कारखाने उठत होते. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या पट्ट्यावरून यायच्या. आम्ही त्या दिव्यासमोर धरून बघायच्या, आत काही कचरा नाही ना, मग लेबल लावायचं आणि खोक्यात भरायच्या. पांढरा एप्रन, डोक्याला पांढरं फडकं, पायांत कंपनीचे कॅनव्हासचे बूट. कॅन्टीन स्वस्त, पगार वेळेवर. आमच्या चाळीत माझा भाव एकदम वधारला होता. आई तर शेजारणीशी बोलताना "आमची औषधाच्या कंपनीत" एवढं म्हणून एक क्षण थांबायची, समोरचीने नीट ऐकावं म्हणून.

फक्त एक नियम होता. पॅकिंगला घ्यायची ती बिननवऱ्याची. लग्न झालं की नोकरी संपली. सुनेला हे सांगितलं तर तिला खरंच वाटत नाही. "असं कसं करू शकतात?" म्हणते. अगं, करायचे. राजरोस करायचे आणि आम्ही सह्या करून आत जायचो. लग्न झालेल्या बायका रजा फार घेतात, बाळंतपणं निघतात, माल अडतो, असं कारण सांगायचे. पुढे काही वर्षांनी तो नियम गेला, म्हणून लग्नानंतरही मी तिथे टिकले. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीचं.

आता नियम आहे म्हणून मुली काय लग्नाच्या थांबतात? गावाला जाऊन गुपचूप लग्नं व्हायची. कामावर येताना मंगळसूत्र काढून डब्याच्या वरच्या पुडात ठेवायचं. जोडवी बुटाच्या आत लपायची. हातात हिरवा चुडा का नाही असं सासरी कुणी विचारलंच, तर कामावर काच चालत नाही म्हणून सांगायचं, आणि ते खरंही होतं. दिवस राहिले की मात्र वाट लागली. मग पोट दिसायच्या आत आपणच राजीनामा द्यायचा. आमच्या पट्ट्यावर निम्म्या जणी तरी अशा असतील.

आणि आमच्या सुपरवायझर बाईंना हे सगळं माहीत होतं.

बाई चाळिशीच्या पुढच्या, बिनलग्नाच्या, कारखाना उघडला तेव्हापासूनच्या. बाकावरूनच वर गेलेल्या. उंच, काटकुळ्या, आणि तोंड म्हणजे! "अगं भवान्यांनो, माल काय तुमचा बाप येऊन भरणार?" हे सकाळचं पहिलं वाक्य. आम्ही टरकून असायचो. पण कपडे बदलायच्या खोलीत शिरण्याआधी बाई बाहेर उभ्या राहून खाकरायच्या. चांगलं घसा फाडून, एखाद्या बाप्यासारखं. आणि मग थांबायच्या. आतल्या मुलींनी डब्यांची झाकणं लावली, बुटांच्या नाड्या आवळल्या की मगच आत पाऊल. कधी कुणाला "तुझं झालं का गं?" म्हणून विचारलं नाही. त्या खाकरण्यावर निम्म्या पट्ट्याचा संसार चालला होता.

लोक म्हणायचे, बाईंनाही एक स्थळ होतं. गिरगावातला कुणी थांबला होता म्हणे. पण पाठचे भाऊ शिकत होते, ही नोकरी सोडली तर त्यांचं काय? तो थांबून थांबून कंटाळला. खरं-खोटं देव जाणे. पण नखांत हळद राहिलेली एखादी नवी नवरी कामावर आली की बाई तिला आठवडाभर नुसत्या फाडून खायच्या. आत कुठेतरी जळत असणारच, माणूसच होत्या. तरी खाकरायला कधी विसरल्या नाहीत.

माझ्या शेजारी बाकावर बसायची ती भांडुपची. मूळची मालवणकडची, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. हात इतका चलाख की बोलता बोलता माझ्याही चार कुप्या लेबल लावून सरकवायची. ती लग्न झालेली. नवरा साकीनाक्याला एका लहानशा कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होता. ती धूळ छातीत जाऊन जाऊन त्याला क्षय झाला आणि तो घरी बसला. घरात तो, ती आणि सासू. खाणारी तीन तोंडं आणि कमावणारी ही एक.

क्षयाची इंजेक्शनं आम्हीच भरत होतो. कंपनीच्या माणसाला घरच्यांसाठी ती बरीच स्वस्त मिळायची. पण ही कुणासाठी मागणार? नवऱ्यासाठी म्हणून मागितलं तर नोकरी जाणार. हे बाईंना कसं कळलं कोण जाणे. एक दिवस येता येता हिच्या मांडीवर पुडकं टाकलं आणि ओरडल्या, "लक्ष कुठेय तुझं? लेबल वाकडं लागलंय." लेबल सरळच होतं. बाईंनी स्टोअरमध्ये "माझ्या भावाला आहे" म्हणून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून दर महिन्याला ते पुडकं येत राहिलं. नवऱ्याच्या अंगावर हळूहळू मांस धरू लागलं होतं. ही कामावर गुणगुणायला लागली होती.

अशात नवा पर्सोनेल ऑफिसर आला. पुण्याचा, गोरा, चष्मेवाला, आणि काय ते गोड बोलणं! आम्हांला "आपण" म्हणायचा. आम्हांला आयुष्यात कुणी "आपण" म्हटलं नव्हतं. शनिवारी काम संपलं की कॅन्टीनमध्ये खुर्च्या गोल मांडायला लावायचा आणि चहा मागवायचा. "मी साहेब नाही, घरचाच समजा. मोकळं बोला." आम्ही लाजत लाजत बोलायला लागलो. संडासाला कडी नाही म्हटलं तर चार दिवसांत कडी लागली. पंखा आवाज करतो म्हटलं तर नवा पंखा. कुणाची आई आजारी, कुणाचा भाऊ नापास झाला, सगळं ध्यानात ठेवायचा आणि जाता-येता विचारायचा. मला आवडायचा तो, खोटं कशाला सांगू! सगळ्यांनाच आवडायचा. बाई तेवढ्या म्हणायच्या, "चहा प्या आणि तोंड मिटून घरी जा." आम्हांला वाटायचं, ह्यांचा मान कमी झाला म्हणून जळतात.

त्या गोल खुर्च्यांतच कुणीतरी बाईंचं कौतुक म्हणून सांगून टाकलं, की बाई आजारी भावाला केवढं जपतात, दर महिन्याला इंजेक्शनं नेतात. तो मान हलवून "वा" म्हणाला.

कारखान्यात दरवर्षी सत्यनारायण असायचा. त्या वर्षी पूजेला तो आणि त्याची बायको बसली. गोदामासमोर मांडव घातला होता. तिच्या माहेरची पद्धत, की पूजा झाली की पाच सवाष्णींच्या ओट्या भरायच्या. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं. तिने ऑफिसरांच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, पण त्यातली एक ऐनवेळी अडचणीची झाली आणि आली नाही. पाटावर चौघी बसल्या, पाचवा पाट रिकामा. ताटात खण-नारळ तयार. साहेबाच्या बायकोने इकडे-तिकडे बघितलं. समोर आम्ही सगळ्या उभ्या, नवी पातळं नेसून. आम्हांला नवरा असायचा नाही हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं. माझी भांडुपची मैत्रीण पदर खोचून प्रसादाची पात्रं लावत होती, सगळ्यांत पुढे तीच. साहेबाची बायको हसत हसत तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तुम्ही सवाष्ण आहात ना हो? या, बसा."

नाही म्हणायचं होतं, एवढंच. "नाही" म्हणायचं आणि पात्रं वाढत राहायचं. आम्ही रोज सगळ्या तेच तर करत होतो, न बोलता. पण रोज आम्हांला असं कुणी विचारत नव्हतं. देवासमोर, पोथी नुकती मिटलेली, हातात भरली ओटी घेऊन कुणी विचारतंय की तू सवाष्ण ना? आणि नवरा घरी क्षयाने पडलाय, जरा कुठे बरा होतोय. "नाही, मी सवाष्ण नाही" हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? तुम्ही म्हणाल, नुसते शब्द. सुनबाई म्हणेल. पण त्या मांडवातली एकही बाई ते म्हणू शकली नसती. बाईंनी मागून जोरात खाकरून बघितलं. उपयोग झाला नाही. मैत्रिणीने हातातलं पात्र खाली ठेवलं, पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि पाटावर जाऊन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेबाच्या बायकोला वाटलं, देवभोळी आहे.

साहेब पाटावरच होता. त्याने पाहिलं आणि हसून हात जोडले. मला त्या हसण्याची तेव्हासुद्धा शिसारी आली.

सोमवारी त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं, बाईंना बोलावलं, आणि शेजारी बसते म्हणून मलाही. बाईंना खुर्ची दिली, चहा दिला. "भावाची तब्येत कशी आहे आपल्या?" म्हणाला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "मला कुणाचं वाईट करायचं नाही. हिने लपवलं असेल तर ती फसवणूक झाली, मला हिला आजच काढावं लागेल. पण हिने तुम्हांला सांगितलं असेल, तुम्हांला माहीत असेल, तर गोष्ट वेगळी. मग काहीतरी मार्ग निघेल."

आम्ही दोघी बाईंकडे बघत राहिलो. बाईंचं सगळं आयुष्य त्या नोकरीत गेलं होतं. "मला काय माहीत" एवढं म्हटलं असतं तरी त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता.

बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. माझ्या हाताखालची पोर जेवली की उपाशी आहे तेसुद्धा मला माहीत असतं. त्याशिवाय माल निघत नाही साहेब."

मला वाटलं, सुटलो.

"किती छान," तो म्हणाला, आणि खुर्ची जरा पुढे ओढली. "मग आणखी कोण कोण आहेत, तेही माहीत असेलच. तेवढं मला मोकळेपणी सांगा. मी हिला खास बाब म्हणून ऑफिसात घ्यायला लावतो. शब्द देतो."

म्हणजे बघा कसा होता! आवाज चढला नाही, टेबलावर हात आपटला नाही.  मैत्रीण बाईंकडे टक लावून बघत होती. ती काय मागतेय ते मला दिसत होतं आणि मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी बाई उठल्या. "मी पट्टा चालवते साहेब," म्हणाल्या, "पोलीस चौकी चालवत नाही."

मैत्रिणीला त्याच दिवशी काढलं. बाईंची सुपरवायझरी गेली. त्यांना पट्ट्याच्या शेवटी खोकी चिकटवायला बसवलं. भावाच्या नावावरची इंजेक्शनंही अर्थातच बंद झाली.

संध्याकाळी फाटकाबाहेर मैत्रीण बाईंची वाट बघत थांबली होती. मला वाटलं, पाया पडेल. तिने बाईंचा दंड धरला आणि पहिल्यांदाच त्यांना अगंतुगं केलं. "दोन नावं सांगितली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं? त्यांचे नवरे धडधाकट आहेत! माझा माणूस मरेल आता!" बाईंनी दंड सोडवून घेतला नाही. ज्यांची नावं बाईंनी गिळली होती त्या सगळ्या बाजूने खाली मान घालून बसस्टॉपकडे गेल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून तमाशा पाहा. कॅन्टीनमध्ये बाईंच्या टेबलावर कुणी बसेना. बाईंजवळ बसली म्हणजे हिचंही लपलेलं असणार, असं साहेबाला वाटेल ना! ज्यांच्यासाठी ती बाई खोक्यांना डिंक लावत बसली, त्याच सगळ्यांत लांब बसायच्या. मी बसायचे, माझं लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यात माझं मोठेपण काय? एकदा न राहवून बाईंना म्हटलं, "कशाला केलंत हो ह्यांच्यासाठी?" बाई म्हणाल्या, "गप जेव." पोळीचा तुकडा मोडून हातात तसाच धरून बसल्या होत्या.

नवी सुपरवायझर त्याने आमच्यातूनच निवडली. तीही चोरून लग्न केलेली. त्याला ते ठाऊक होतं अशी माझी पक्की खात्री आहे. गळ्यात दोर बांधलेलं माणूस किती चोख काम करतं ते त्याला बरोबर कळायचं. ती कधी खाकरली नाही. धाडकन दार उघडून आत यायची. वर्षभरात एकेक करून सहा-सात जणी गेल्या, आणि माल पहिल्यापेक्षा जास्त निघायला लागला. शनिवारचा चहा चालूच होता. मुली अजूनही त्याच्याशी मोकळेपणी बोलायच्या, आता एकमेकींबद्दल.

मी मधूनमधून भांडुपला जायचे. नवऱ्याला सरकारी इस्पितळात नाव घालूनही खाट मिळत नव्हती. बाहेरची इंजेक्शनं परवडेनात, मग एक दिवसाआड, मग आठवड्याला एक. पुन्हा तो पोकळ खोकला सुरू झाला. शेवटचं मी गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता आणि मैत्रीण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग मी जायचीच थांबले. काय घेऊन जाणार होते मी?

तो गेला ते आम्हांला फाटकावर कळलं. सकाळी आम्ही आत शिरत होतो, तर फाटकाशी मैत्रीण उभी. पांढुरकं पातळ, कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात काही नाही. शेजारी तिची सासू. साहेबाची गाडी आली तशी म्हातारी आडवी झाली. तिला आमची भाषा धड येत नव्हती. हात जोडून मालवणीत म्हणाली, "साहेबानू, तुमका हिचो नवरो नको होतो मा? आता नाय तो. आता घेवा हिका कामार."

स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होती ती. 

आणि साहेबाने घेतलं. कुमारिका आणि विधवा चालतील असंच नियमात होतं म्हणे. त्याने तो काढून बघितला आणि त्याला खरोखर आनंद झाला. शनिवारी पुन्हा खुर्च्या गोल मांडल्या. तो उभा राहिला आणि म्हणाला, चूक कुणाकडूनही होते, पण कंपनी म्हणजे कुटुंब, कुटुंबात माणसाला दार कायमचं बंद होत नाही. टाळ्या झाल्या. बाई शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातांवर डिंक वाळलेला. मग तो मैत्रिणीला म्हणाला, "आपण दोन शब्द बोला ना. अगदी मोकळेपणी."

ती उठली.  मला वाटलं, आता बोलेल, आता त्याच्या तोंडावर सगळं फेकेल. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बोल गं, बोल.

तिने हात जोडले. म्हणाली, "साहेब देवमाणूस आहेत. त्यांनी मला नोकरी परत दिली, नाहीतर मी आणि माझी सासू उपाशी मेलो असतो."

मी तिच्या आवाजात कुठे टोमणा आहे का ते शोधत होते. टोमणा नव्हता. ती मनापासून बोलत होती.